विजयाचा कर्ता कोण? ट्रॅक सायकलिंगचे जागतिक अजिंक्यपद आणि कर्तृत्वाचा प्रश्न

ट्रॅक सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत झाली. त्या वर्षी शिकागोत कोलंबियन विश्वप्रदर्शन चालू होते आणि पुढच्याच महिन्यात तेथे सर्वधर्म परिषद भरली. या परिषदेमुळे हे शहर आणि हे साल मराठी वाचकाच्याही स्मरणात आहे. सायकलींच्या त्या स्पर्धेत तीन शर्यती होत्या. स्प्रिंट आणि १० किलोमीटर या दोन्ही अमेरिकेच्या आर्थर झिमरमनने जिंकल्या. वेग देणाऱ्या साथीदारांमागून धावण्याची १०० किलोमीटरची शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या लॉरेन्स माइन्टजेसने जिंकली. १९०० मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ स्थापन झाला आणि स्पर्धेची सूत्रे पुढे त्याच्याकडे गेली. स्त्रियांना तिची दारे १९५८ मध्ये उघडली. व्यावसायिक आणि हौशी सायकलपटूंची वेगवेगळी अजिंक्यपदे १९९२ पर्यंत चालू होती. १९९३ पासून ती एक झाली.

आज ही स्पर्धा छताखालच्या, २५० मीटर लांबीच्या लाकडी ट्रॅकवर होते. वळणांवर ट्रॅक ४२ ते ४५ अंशांनी उभा असतो, म्हणजे चालत वर चढू पाहणाऱ्याचा पाय घसरावा इतका. इथे पाऊस नसतो, वारा नसतो, खड्डा किंवा घाट नसतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तेवढ्या अवधीत जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकते. कोण पुढे आणि कोण मागे, हे मानवी व्यवहारात इतक्या काटेकोरपणे क्वचितच ठरवले जात असेल. तरीही कोण जिंकले या प्रश्नाच्या आत दडलेला दुसरा प्रश्न इथेच सर्वांत तीव्रपणे उभा राहतो. माणूस यंत्रावर बसून, तापवलेल्या हवेत, सोबत्यांच्या आडोशाने धावतो आणि जिंकतो, तेव्हा त्या कृतीचा कर्ता नेमका कोण? धर्मविचाराने आणि तत्त्वज्ञानाने कर्तृत्वाचा हा प्रश्न फार पूर्वीपासून हाताळला आहे. ट्रॅकवर तो घड्याळ, मोजपट्टी आणि नियमपुस्तक यांच्यासह समोर येतो. इतर परिस्थिती जवळजवळ पुसून टाकलेली असल्यामुळे तो टाळायला जागा उरत नाही.

आधी यंत्र पाहावे. ट्रॅकच्या सायकलीला एकच गिअर असतो, ब्रेक नसतात, आणि मागच्या चाकाची चकती पक्की जोडलेली असल्यामुळे चाक फिरते तोवर पायांना थांबता येत नाही. गिअर बदलणाऱ्या सायकली सर्रास मिळत असताना जगातील सर्वांत वेगवान सायकलपटू मुद्दाम अशा सायकलीवर बसतात. खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे ओलांडण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न, असा विचार बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात मांडला. खेळाडू सोपे साधन बाजूला ठेवून अवघड साधन पत्करतो, कारण ते पत्करल्याशिवाय तो खेळच अस्तित्वात येत नाही. ठरावीक अंतर लवकर कापणे एवढेच साध्य असते तर मोटारसायकल पुरली असती. सूट्सच्या या विचाराचे महत्त्व पुढे दिसेल.

आता हवा. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे सायकलपटूची बहुतेक सगळी शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट करायचा तर हवेविरुद्ध आठपट शक्ती लावावी लागते. या विरोधाचा मोठा वाटा, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त, सायकलीमुळे नव्हे तर स्वाराच्या शरीरामुळे निर्माण होतो. ज्या शरीरातून शक्ती येते तेच शरीर त्या शक्तीच्या वाटेत सर्वांत मोठे आडवे येते. कठोपनिषदातील प्रसिद्ध रूपकात आत्मा रथी आहे, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि शरीर रथ. प्रत्येकाची जागा तिथे वेगळी आणि स्वच्छ आहे. ट्रॅकवर या जागा एकमेकींत मिसळतात: ओढणारा घोडा शरीर, वाहून नेले जाणारे ओझे शरीर, आणि समोरून अडवणारी भिंतही शरीरच. म्हणून ‘माणूस एका बाजूला आणि साधन दुसऱ्या बाजूला’ ही विभागणी इथे सुरुवातीपासूनच डळमळीत असते.

ही विभागणी जाहीरपणे ऐरणीवर आली ती १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये. ४ किलोमीटर वैयक्तिक परस्यूटमध्ये दोन स्पर्धक ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून सुटतात. एकाने दुसऱ्याला गाठले तर शर्यत तिथेच संपते. अंतिम फेरीत ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने आदल्या वर्षीचा विश्वविजेता जर्मनीचा येन्स लेमान याला गाठले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत असे होणे विलक्षणच होते. बोर्डमनची सायकल लोटस या मोटार कंपनीने बनवलेली होती. नेहमीच्या नळ्यांऐवजी तिला कार्बन फायबरचा एकसंध, चपटा सांगाडा होता आणि त्यामागे माइक बरोज या कल्पक अभियंत्याचे मूळ काम होते. सुवर्णपदकानंतर चर्चा स्वाराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, सायकलीची झाली. बोर्डमन नव्हे, लोटस जिंकली, असा सूर निघाला.

असे बोलणे चूक आहे का? भारतीय व्याकरणपरंपरेने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत क्रियेत भाग घेणाऱ्यांपैकी जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया सिद्धीस नेण्यात ज्याचा उपयोग सर्वाधिक ते करण. पण पतंजलीच्या महाभाष्यात आणि पुढे भर्तृहरीकडे आणखी एक मुद्दा येतो. स्वयंपाक करणारा माणूस असताना ‘भांडे शिजवते’ असेही बोलले जाते. बोलणाऱ्याला ज्याचे स्वातंत्र्य दाखवायचे असते त्याला तो कर्त्याच्या जागी बसवतो. म्हणजे कर्तेपण वस्तूला चिकटलेले नसते, ते सांगणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. ‘लोटस जिंकली’ हे वाक्य या अर्थाने निर्दोष आहे. मात्र पदक विवक्षेवर देता येत नाही. ते एका नावावर द्यावे लागते, म्हणून क्रीडासंस्थेला व्याकरणकारांपेक्षा पुढे जाऊन निर्णय करावा लागतो.

कार्यकारणभाव तपासण्याची न्यायशास्त्राची जुनी रीत अन्वय-व्यतिरेकाची आहे: एक गोष्ट असताना दुसरी घडते का, आणि ती नसताना घडत नाही का, हे पाहायचे. बोर्डमनच्या बाबतीत काळानेच ही परीक्षा घेतली. १९९३ मध्ये त्याने एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम केला तो दुसऱ्याच कंपनीच्या सायकलीवर. १९९४ आणि १९९६ मध्ये तो परस्यूटचा विश्वविजेता झाला. लोटस नसतानाही यश आले, तेव्हा यशाचे कारण माणूस, असा निष्कर्ष निघतो. पण हीच परीक्षा उलट बाजूने घेतली तर त्याच माणसाचा वेग साध्या सायकलीवर कमी होतो हेही तितकेच खरे ठरते. दोन्ही कारणे आवश्यक निघतात आणि कोणाचा वाटा किती, हा प्रश्न तसाच राहतो. खरे तर तो प्रश्नच सदोष आहे. पायांची शक्ती आणि हवेचा विरोध मिळून वेग ठरतो. त्यातला इतका टक्का माणसाचा आणि इतका सायकलीचा असे तोडून सांगणे म्हणजे आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती आणि रुंदीचा किती हे विचारण्यासारखे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. न्याय्य असो वा अन्याय्य, प्रत्येक कर्मामागे ही पाच असतात, आणि असे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याची समज अपुरी आहे, असा पुढचा विचार आहे. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ केला. ज्ञानेश्वरांनीही देहालाच अधिष्ठान मानले. या अर्थाने घेतले तर सायकल आणि ट्रॅक यांना यादीत जागाच नाही. पाचही कारणे माणसाच्या आत किंवा त्याच्या अदृष्टात आहेत. मात्र यादीचा सांगाडा बाहेरच्या कर्मालाही लागू करता येतो, आणि ट्रॅकवर तो चपखल बसतो: अधिष्ठान हा लाकडी ट्रॅक, करण ही सायकल, चेष्टा म्हणजे हजारो तासांच्या सरावाने बसलेल्या हालचाली, दैव म्हणजे पडणे-सावरणे, आणि या सगळ्यांत कर्ता हे पाचांपैकी एक कारण. गीतेचे म्हणणे कर्ता नाहीच असे नाही. कर्ता आहे, पण तो एकटा नाही. भक्तीच्या ओघात हा फरक अनेकदा पुसला जातो आणि ‘मी काहीच केले नाही’ अशी नम्रता ऐकू येते. ती गीतेच्या यादीशी तितकीच विसंगत आहे जितका ‘सगळे मीच केले’ हा अहंकार.

कर्ता आणि करण यांच्यात रेघ ओढण्याचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत वादग्रस्त प्रयत्न ज्याच्यामुळे झाला, तो स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. मोठा संघ नाही, प्रयोगशाळा नाही. त्याने सायकल स्वतःच्या हातांनी बांधली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंगही वापरले. पण त्याचा खरा शोध सायकलीत नव्हता, बसण्यात होता. हात दुमडून छातीखाली घ्यायचे, कोपरे अंगाला चिकटवायची आणि खांदे हँडलच्या पुढे झुकवायचे, म्हणजे हवेला अडवणारे शरीरच आकसते. एका तासाचा विक्रम हा ट्रॅकवरचा सर्वांत मानाचा विक्रम. १८९३ मध्ये आंरी देग्रांज याने पॅरिसमध्ये ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले तेथून त्याची अधिकृत मोजणी सुरू होते. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटरपर्यंत आणि १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने भरीव चकतीची चाके वापरून त्याच शहरात ५१.१५१ किलोमीटरपर्यंत तो नेला. १६ जुलै १९९३ ला नॉर्वेतील हामार येथे ओब्रीचा प्रयत्न फसला. दुसऱ्याच दिवशी, अंग आखडलेले असताना, आपल्या जुन्या सायकलीवर तो पुन्हा उतरला आणि त्याने ५१.५९६ किलोमीटर कापले. सहा दिवसांनी बोर्डमनने बोर्दोत ५२.२७० केले. पण ऑगस्टमध्ये त्याच हामारच्या ट्रॅकवर झालेल्या जागतिक अजिंक्यपदात उपांत्य फेरीत बोर्डमनला हरवून ओब्री परस्यूटचा विश्वविजेता ठरला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ५२.७१३ किलोमीटर कापून तासाचा विक्रमही त्याने परत मिळवला.

१९९४ चे जागतिक अजिंक्यपद सिसिलीतील पालेर्मोला होते. शर्यतीच्या अगदी तोंडावर महासंघाने ओब्रीची बैठक नियमबाह्य ठरवली. तो तरीही तसाच बसून धावला आणि बाद झाला. मग त्याने दुसरी बैठक शोधली: हात पुढे पूर्ण ताणलेले, उडणाऱ्या सुपरमॅनसारखे. १९९५ मध्ये बोगोटाला तो या बैठकीवर पुन्हा विश्वविजेता झाला. १९९६ मध्ये मँचेस्टरला बोर्डमनने तीच बैठक घेऊन तासाचा विक्रम ५६.३७५ किलोमीटरवर नेला. त्यानंतर तीही बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महासंघाने लुगानो येथे एक सनद मान्य केली. सायकलीला इतिहास आणि संस्कृतीने दिलेले एक रूप आहे, तंत्रज्ञानाच्या शर्यतीत ते हरवू नये, आणि यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ राहिला पाहिजे, असे तिचे सार. २००० मध्ये महासंघाने मर्क्सनंतरचे सगळे आकडे वेगळ्या यादीत टाकले आणि तासाचा खरा विक्रम मर्क्सच्या काळातल्यासारख्या सायकलीवरच करावा लागेल असे ठरवले. त्याच वर्षी बोर्डमन मँचेस्टरला गोल नळ्यांच्या, साध्या हँडलच्या सायकलीवर बसला आणि ४९.४४१ किलोमीटर धावला. मर्क्सहून १० मीटर जास्त.

माणूस आणि माणूस यांची तुलना अखेर शुद्ध झाली, असे त्या दिवशी वाटू शकत होते. पण मर्क्स धावला ते शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून कापायला सोपी, आणि विरळ म्हणूनच श्वासाला अपुरी. मँचेस्टर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. करण सारखे केले तरी अधिष्ठान सारखे झाले नव्हते. शिवाय १९७२ ची सायकल तरी निसर्गाने कुठे दिली होती? मर्क्सची सायकल त्या काळातली शक्य तितकी हलकी, खास विक्रमासाठी घडवलेली होती. देग्रांजच्या सायकलीपुढे तीही यंत्राची आघाडीच होती. ज्या क्षणी रेघ ओढावी त्याच्या अलीकडचे सगळे माणसाचे आणि पलीकडचे सगळे यंत्राचे, असे मानायला आधार नाही. महासंघालाही हे टिकवता आले नाही. २०१४ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि आधुनिक परस्यूट सायकलींना परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डॅन बिगम या सायकलपटूने, जो पेशाने अभियंताही होता, ५५.५४८ किलोमीटर केले. ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडच्या त्याच ग्रेन्शेन ट्रॅकवर इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ केले. ज्या तांत्रिक ज्ञानावर गान्ना धावला त्यात बिगमचाही हात होता. आपला विक्रम मोडणाऱ्याला आपणच मदत करावी, ही गोष्ट कर्तृत्वाच्या कुठल्याही साध्या हिशेबात बसणारी नाही, आणि म्हणून ती आदराने नोंदवण्याजोगी आहे.

लुगानोच्या सनदेतील मुख्य तत्त्व उदात्त आहे, पण ओब्रीच्या प्रकरणात ते उलटे पडले. ज्याच्यावर बंदी आली तो प्रामुख्याने एका माणसाने स्वतःच्या शरीराबद्दल लावलेला शोध होता. माणसाच्या श्रेष्ठतेच्या नावाने माणसाचीच कल्पकता नाकारली गेली. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने उंच उडीत पाठीवरून दांडी ओलांडली, तेव्हा तीही शरीराची नवी ठेवणच होती. ती मान्य झाली आणि आज तीच रीत सर्वत्र दिसते. एक ठेवण मान्य आणि दुसरी अमान्य, याचे कारण निसर्गात सापडत नाही. ते त्या त्या खेळाने स्वतःबद्दल करून घेतलेल्या समजुतीत सापडते.

इथे सूट्सचा विचार उपयोगी पडतो. कोणते साधन वैध हे खेळाबाहेरचे कोणते सत्य ठरवत नाही. खेळणारे मिळून ठरवतात. याचा अर्थ नियम मनमानी आहेत असा नाही. अडथळा स्वेच्छेने पत्करलेला असेल तर तो आधी माहीत असला पाहिजे आणि सगळ्यांना सारखा असला पाहिजे. पालेर्मोत ओब्रीवर झालेला अन्याय या निकषावर स्पष्ट दिसतो. बैठकीवर बंदी असावी की नसावी यावर दोन्ही बाजूंनी सुज्ञ माणसे बोलू शकतील; पण शर्यतीच्या तोंडावर नियम बदलणे म्हणजे खेळाडूने जे पत्करलेच नव्हते ते त्याच्यावर लादणे. पाणिनीच्या भाषेत, जे स्वातंत्र्य कर्त्याला कर्ता बनवते तेच काढून घेणे. कर्तेपण यंत्र आणि स्नायू यांच्या टक्केवारीत शोधण्यापेक्षा बंधन स्वतःहून पत्करण्यात शोधले, तर ट्रॅकवरचे बरेच पेच सुटतात.

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न या निकषाची कठोर परीक्षा आहे. पूर्व जर्मनीत अनेक खेळांत शासनाच्या योजनेनुसार खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलामुलींनाही, संप्रेरके दिली गेली. काय दिले जात आहे हे अनेकांना सांगितलेही गेले नव्हते. बर्लिनच्या न्यायालयाने २००० मध्ये त्या देशाचा माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड याला या प्रकरणी दोषी ठरवले. अशा खेळाडूच्या विजयात यंत्राने काहीच केले नव्हते. सगळे काही शरीरानेच केले. यंत्रावर माणसाचे वर्चस्व हवे, एवढीच अट असती तर ती इथे पूर्ण झाली होती. तरीही तिथे कर्ता कोण असे विचारले तर उत्तर शासन असे येते, कारण त्या मुलांचे स्वातंत्र्यच हिरावलेले होते. जाणूनबुजून द्रव्य घेणाऱ्याची गोष्ट वेगळी: तो कर्ता असतो, पण सगळ्यांनी पत्करलेल्या बंधनातून तो गुपचूप बाहेर पडलेला असतो. पहिल्याला सहानुभूती आणि दुसऱ्याला शिक्षा, हा भेद मनाला तात्काळ पटतो. तो पटतो याचाच अर्थ कर्तृत्वाचे मूळ स्नायूत नाही.

संघाच्या शर्यतींत प्रश्न वेगळे वळण घेतो. टीम परस्यूटमध्ये चार सायकलपटू एकामागे एक, चाकाला चाक जवळजवळ टेकवून ४ किलोमीटर धावतात. पुढचा हवा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाने शक्ती वाचवतात. थोड्या वेळाने पुढचा वळणाचा चढ घेऊन मागे जातो. वेळ तिसऱ्याची धरली जाते. त्यामुळे चौथ्याने आपली सगळी शक्ती आधीच पुढे राहून संपवावी आणि शेवटच्या फेऱ्यांआधी बाजूला व्हावे, हे सर्रास घडते. अंतिम रेषा न ओलांडणारा खेळाडूही विश्वविजेता ठरतो. मॅडिसनमध्ये दोघांची जोडी असते. एका वेळी एकच शर्यतीत, दुसरा वर हळूहळू फिरत असतो, आणि बदलीच्या क्षणी पहिला दुसऱ्याचा हात धरून त्याला पुढे भिरकावतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या शर्यतींतून ही रीत आली. एकाच माणसाने दिवसरात्र सायकल चालवण्यातील क्रौर्य थांबवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे कायद्याने एका स्वाराला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, आणि जोडी जन्माला आली. कर्ता दोघांत वाटला गेला तो करुणेमुळे, हे विसरले जाऊ नये.

अंध खेळाडूंची टँडेम शर्यत या सगळ्यांत तात्त्विकदृष्ट्या सर्वांत समृद्ध आहे. पुढे डोळस पायलट, मागे अंध किंवा अंधुक दृष्टीचा खेळाडू. दोघेही पायडल मारतात, दिशा फक्त पुढचा देतो. सांख्यदर्शनात पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग समजावण्यासाठी पंगू आणि अंध यांचा दृष्टांत येतो: चालू न शकणारा पाहतो, पाहू न शकणारा चालतो, आणि दोघे मिळून वाट काढतात. पण सांख्यांचा पुरुष केवळ साक्षी आहे. तो पाहतो, करत नाही. टँडेमवरचा पायलट पाहतोही आणि घामही गाळतो. मागचा खेळाडू वळण दिसत नसताना ४० अंशांहूनही उभ्या भिंतीवर पूर्ण शक्ती लावतो. हा विश्वास सरावातून कमावलेला असतो आणि त्यामुळे तोही कर्माचाच भाग ठरतो. पदक दोघांना मिळते. दृष्टीला करण मानून पायलटला साधनाच्या जागी बसवता आले असते. नियमाने तसे केले नाही, आणि ते योग्य झाले; जो स्वतः निर्णय घेतो आणि धोका पत्करतो त्याला साधन म्हणता येत नाही.

राहिले पाचवे कारण. टोकियो ऑलिंपिकच्या टीम परस्यूटमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरच्या सायकलीचे हँडल भर वेगात तुटले आणि तो तोंडावर आपटला. संघाला पुन्हा धावू दिले गेले. पुढे कांस्यपदकाच्या शर्यतीत न्यूझीलंडचा आरोन गेट पुढच्या सायकलीच्या चाकाला लागून पडला आणि कांस्य ऑस्ट्रेलियाला मिळाले. हँडल तुटले याला दैव म्हणावे का? त्याची चौकशी झाली. धातू, जोड आणि भार यांची कारणे शोधली गेली. आधुनिक क्रीडासंस्थेला दैव ही कोटी मान्य नाही. तिच्या लेखी फक्त अजून न सापडलेले कारण असते. तरीही नियमपुस्तकाला मानवी चूक आणि यांत्रिक अपघात यांत फरक करावाच लागतो. सुरुवातीला यंत्र बिघडले तर पुन्हा संधी मिळते, स्वतःच्या चुकीने चाक लागले तर मिळत नाही. हा फरक करताना कर्ता आणि दैव या जुन्याच कोटी वेगळ्या नावांनी परत येतात. २०१८ च्या जूनमध्ये जर्मनीची क्रिस्टिना फोगेल, ११ वेळा विश्वविजेती, कोटबुसच्या ट्रॅकवर सरावात दुसऱ्या सायकलपटूवर आदळली आणि तिचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुन्हा संधी देणारा नियम अशा ठिकाणी नसतो. तिच्या आयुष्यातल्या या घटनेचे कारण सांगता येते, अर्थ सांगता येत नाही. दैव हा शब्द बहुधा याच उणिवेसाठी टिकून राहिला आहे.

विश्वविजेत्याला पांढरी, छातीवर पाच रंगांचे पट्टे असलेली इंद्रधनुषी जर्सी मिळते. ती घालण्याचा हक्क पुढच्या अजिंक्यपदापर्यंत आणि फक्त त्याच प्रकारात असतो. स्प्रिंटची जर्सी परस्यूटमध्ये घालता येत नाही. जपानचा कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग १० वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचा विश्वविजेता होता, पण त्यालाही ती दर वर्षी नव्याने मिळवावी लागली. मुदत संपली की पूर्ण जर्सी उतरवावी लागते; त्यानंतर आयुष्यभर फक्त कॉलर आणि बाह्यांच्या कडांवर ते पाच रंग लावता येतात. विजयाच्या कर्त्याला फळ मिळते ते असे, नियमाने आखलेले, मुदतीचे आणि एका प्रकारापुरते. सायकल बनवणारा, सराव घेणारा, ट्रॅकचे लाकूड बसवणारा यांच्यासाठी मात्र या जर्सीत तरतूद नाही.